चार सेकंदांचा साडू

साडूची प्रगती पाहून मनापासून आनंदित झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तसा दावा कुणी केलाच, तर त्याची बायको एकुलती एक आहे असं खुशाल समजावं.

माझा साडू अभय माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. माझ्या बायकोच्या, म्हणजे आम्रपालीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. तोही सॉफ्टवेअरमध्ये आणि मीही. पण मी खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत डिलिव्हरी मॅनेजर, हाताखाली बत्तीस माणसं; आणि हा कसबा पेठेत झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, चार जणांच्या कंपनीत. ही मांडणी मला अनेक वर्षं पूर्णपणे मान्य होती. सासरी गेलो की मला हाताची खुर्ची आणि अभयला स्टूल. मी त्याला सल्ले द्यायचो, तो 'हो दादा, हो दादा' करत ऐकून घ्यायचा. त्या काळात मला तो फार आवडायचा.

२०१९च्या जानेवारीत हे सगळं बिघडलं. अभयने 'टुणकन' नावाचं एक एक्स्टेंशन लिहिलं.

हे काय असतं ते आधी सांगतो, कारण पुढे सगळा घोटाळा याच शब्दाने केला. प्रोग्राम लिहिणारी माणसं ज्याच्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. एकेका प्रोग्रामच्या हजारो फायली असतात आणि निम्मा दिवस 'ती फाइल कुठे गेली' यातच जातो. त्या एडिटरला जोडायचा अभयचा हा छोटासा तुकडा. दोन बटणं दाबायची, एक चौकट उघडते, फायलीच्या नावातली चार अक्षरं टाकायची, की तुम्ही टुणकन त्या फायलीत. ते फुकट होतं आणि जगभरातल्या चाळीस हजार लोकांनी ते घेतलं होतं. ब्राझीलमधल्या कुणीतरी अभयला 'तुम्ही माझं आयुष्य बदललंत' असं लिहून पाठवलं. माझ्या हाताखालच्या बत्तीस जणांचं आयुष्य मी रोज बदलतो, पण त्यांनी असं कधी लिहून पाठवलेलं नाही.

मग एका पेपरच्या पुरवणीत बातमी आली, 'पुणेकराची जगभर टुणकन उडी'. चार इंची बातमी आणि शेजारी फोटो. फोटोत अभय हाताची घडी घालून उभा होता. हा मुलगा आयुष्यात कधी हाताची घडी घालून उभा राहिलेला मी पाहिला नव्हता.

आमच्या सासूबाईंनी, मालनबाईंनी, ते कात्रण लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलं. कुठे ठेवलं? आमच्या लग्नाच्या फोटोपुढे. मागून माझं कपाळ तेवढं दिसत होतं.

"प्रज्ञेशराव," सासूबाई चहा देता देता म्हणाल्या, "ते टुणकन तुम्हीपण वापरता का हो ऑफिसात?"

"मी मॅनेजर आहे, आई. मी फायली उघडत नाही."

"मग काय करता?"

प्रश्न अगदी निरागस होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते पडलं. खरं सांगायचं तर गेल्या सहा वर्षांत मी कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती. मी कोड लिहिणाऱ्यांच्या रजा मंजूर करत होतो.

घरी येताना आम्रपालीने विचारलं, "अहो, जळताय का?"

"मी? अभयवर? ज्याला मी बायोडेटा कसा लिहायचा इथपासून शिकवलं..."

"म्हणजे जळताय," ती म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते. उत्तर आलं की ती पायऱ्या बघत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दार लावून मी टुणकन उतरवून घेतलं. निव्वळ अभ्यास म्हणून. आमचा प्रकल्प अवाढव्य, साठ हजार फायलींचा. मी दोन बटणं दाबली, चार अक्षरं टाकली आणि वाट बघू लागलो. एक सेकंद. दोन. तीन. चार. मग फाइल उघडली.

चार सेकंद! बढतीचं पत्र हातात आलं त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. मी पुन्हा केलं. पुन्हा चार सेकंद. मी उठून दाराची कडी नीट लागलीय ना ते पाहिलं आणि आणखी सहा वेळा केलं. छोट्या प्रकल्पात चपळ असणारं टुणकन मोठ्या प्रकल्पात अक्षरशः रांगत होतं.

आता हे जगाला सांगणं माझं कर्तव्य होतं. पण स्वतःच्या नावाने सांगणं सभ्यपणाचं झालं नसतं. म्हणून तक्रारीच्या पानावर मी एक खातं उघडलं. नाव गुस्ताव, देश स्वीडन. स्वीडनच का, तर तिथली माणसं फटकळ असतात असं मी कुठेतरी वाचलं होतं. पुण्याचा माणूस म्हणून मला तो देश जवळचा वाटला. 'हे टुणकन नसून रांगत रांगत आहे' असं लिहिणार होतो, पण स्वीडनच्या माणसाला टुणकनचा अर्थ कळणं संशयास्पद झालं असतं. म्हणून इंग्रजीत एवढंच लिहिलं, 'साठ हजार फायलींत चार सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मी कॉफी करून येतो. ज्याने हे लिहिलं त्याने मोठा प्रकल्प कधी पाहिला आहे का?' परदेशी वाटावं म्हणून मुद्दाम दोन ठिकाणी व्याकरण चुकवलं. तिसऱ्या ठिकाणी ते आपोआप चुकलं.

दहा मिनिटांत अभयचं उत्तर. 'सर, तुमचं अगदी बरोबर आहे. मी मोठा प्रकल्प खरंच कधी पाहिलेला नाही. आमच्याकडे येतच नाहीत. कुठे अडतंय ते सांगाल का? मी शिकेन.'

भांडायला आलेल्या माणसाला पाट मांडून जेवायला बसवलं तर त्याची जी अवस्था होईल, ती गुस्तावची झाली. तरी त्याने ताठपणे लिहिलं, 'हे तर अगदी प्राथमिक आहे.'

अभयने लिहिलं, 'मग सर, तुम्हीच एकदा करून दाखवाल का?'

आता आली पंचाईत. माघार घेणं गुस्तावच्या स्वभावात नव्हतं, आणि कोड लिहिणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

तरी रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बसलो. आम्रपालीला सांगितलं, "एक एक्स्टेंशनचं काम काढलंय, दोन-चार रविवार जातील." साधनसामग्री जुळवण्यातच पहिला रविवार गेला. मी शेवटचा कोड लिहिला तेव्हा होतं त्यातलं काहीच जागेवर नव्हतं. बारा वर्षांनी गावी जावं आणि वेशीपासून पत्ता विचारत फिरावं तसं झालं. दुसऱ्या रविवारी मी पहिली सुधारणा केली. चार सेकंदांचे अकरा झाले.

त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथ पानसे दारात उभे राहिले. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात कागद. कागदावर लिहिलं होतं, 'फ्लॅट क्र. ३०२ मध्ये विनापरवाना एक्स्टेंशनचे काम सुरू असल्याचे समजते. बाल्कनी बंदिस्त करणे नियमबाह्य आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

आम्रपाली जिन्यात कुणाशी तरी बोलली असणार.

"पानसेसाहेब, ते एक्स्टेंशन वेगळं. कॉम्प्युटरचं."

"असं? कॉम्प्युटरला खोली कमी पडते का?"

"नाही हो. त्याच्या आत असतं ते. फायली लवकर सापडाव्यात म्हणून."

"ओव्हाळ," पानसे म्हणाले, "मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. फायली लवकर सापडाव्यात म्हणून कुणी रविवारी काम करताना मी पाहिलेला नाही. बाल्कनी दाखवा."

त्यांनी बाल्कनी लांबीने मोजली, रुंदीने मोजली, मूळ नकाशाशी ताडून पाहिली. ती चार इंच लहान भरली. हे इंच कुठे गेले याचाही खुलासा त्यांनी माझ्याकडेच मागितला. शेवटी 'मी माझ्या कॉम्प्युटरचे कोणतेही एक्स्टेंशन बाल्कनीत करणार नाही' असं लिहून देऊन मी सुटलो. पण बातमी पसरायची ती पसरलीच. आठवडाभर जिन्यात सल्ले मिळत होते. एक म्हणाले, ॲल्युमिनियमचं सरकतं करून घ्या. दुसऱ्या म्हणाल्या, काचा काळ्या घ्या, म्हणजे समोरची येरवडा तुरुंगाची भिंत दिसणार नाही. तळमजल्याचे काका तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "करा तुम्ही बिनधास्त. तुमचं झालं की त्याच्या आधाराने माझंही होईल."

तिसऱ्या रविवारी माझे वडील मागे येऊन उभे राहिले. वडिलांचं नाव धोंडिबा. पिंपरीच्या एका कारखान्यात ते टाइम-स्टडीला होते, म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच घेऊन मोजायचं आणि वहीत लिहायचं. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. घरातही ते चहा किती मिनिटांत झाला ते सांगतात. सांगायला नको असेल तरी सांगतात.

"काय मोजतोयस?" त्यांनी विचारलं.

"फाइल उघडायला किती वेळ लागतो ते."

"कशाने मोजतोयस?"

"मनातल्या मनात. एक, दोन, तीन..."

त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते माझ्या बारावीच्या निकालालाही उमटलं नव्हतं. ते आत गेले, कपाटातून स्टॉपवॉच काढून आणलं, किल्ली दिली आणि खुर्ची ओढून बसले. "चल, दाब."

मी दाबत गेलो, ते टिकटिक करत लिहीत गेले. वीस नोंदी झाल्यावर त्यांनी सरासरी काढली. "अकरा पूर्णांक तीन. पण प्रज्ञेश, पहिल्यांदा अकरा, दुसऱ्यांदा अकरा, विसाव्यांदाही अकराच. तीच फाइल मागितली तरी अकरा?"

"हो. दर वेळी सगळी फोल्डरं नव्याने शोधतं ते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

वडिलांनी चष्मा काढला. "आमच्या टूलरूमला सीताराम म्हणून स्टोअरकीपर होता. दीड हजार हत्यारं. नवीन होता तेव्हा कुणी पान्हा मागितला की पहिल्या रॅकपासून शोधत निघायचा. सहा मिनिटं लागायची, मीच मोजलंय. साहेब म्हणाले, माणूस काढा. मी म्हटलं, माणूस नका काढू, त्याला वही द्या. सगळं सामान एकदा लिहून काढायचं, कुठल्या रॅकला काय. नंतर नवीन आलं की लिहायचं, गेलं की खोडायचं. आणि जे दिवसात दहादा मागतात ते समोर टेबलावरच ठेवायचं. सहा मिनिटांचे चाळीस सेकंद झाले."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मग लॅपटॉपकडे. एकदाच यादी करायची, ती जवळ ठेवायची, बदलेल तेवढंच बदलायचं आणि नेहमीच्या फायली वर. एवढंच होतं. हे मला सुचायला हवं होतं. हे मला सहा वर्षांपूर्वी झोपेतही सुचलं असतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी जेवायला उठलो नाही. बोटांना हळूहळू आठवत गेलं. मध्येच एक चूक सापडली ती मी स्वतःशीच मोठ्याने हसून दुरुस्त केली, तेव्हा आम्रपालीने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तीन वाजता वडिलांनी पुन्हा स्टॉपवॉच धरलं. मी बटणं दाबली. फाइल उघडली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा दाब." मी दाबलं. "पुन्हा." मी पुन्हा दाबलं.

"नाही मोजता येत," ते म्हणाले. "माझं बोट तेवढं चपळ नाही." आणि वहीत सरासरीच्या जागी त्यांनी आयुष्यात प्रथमच एक आडवी रेघ मारली.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला आता ते माझ्या नावाने पाठवायचं होतं. 'साडूचं अडलेलं काम थोरल्या साडूने केलं', याची बातमी किती इंची होते ते मला पाहायचं होतं. मात्र आमच्या कंपनीचा नियम असा की नोकराने बाहेरच्या कुठल्याही कोडला हात लावायचा तर आधी ना-हरकत प्रमाणपत्र. ते खातं पूर्वा नावाच्या एका अत्यंत शांत बाईंकडे होतं.

"सर, योगदानाचं कारण?" त्यांनी फॉर्म भरता भरता विचारलं.

खरं कारण एका शब्दाचं होतं, पण ते मी सांगितलं नाही. "समाजसेवा."

"लाभार्थीशी नातं?"

"साडू."

त्यांनी यादी खालीवर केली. "साडू नाहीये सर यात. मेहुणा आहे, दीर आहे."

"साडू म्हणजे मेहुणा नव्हे हो. मेहुण्याला मान द्यावा लागतो."

"'इतर रक्ताचे नातेवाईक' टाकू?"

"रक्ताचा काही संबंध नाही!" मी जरा जोरातच म्हणालो असेन, कारण त्यांनी शेऱ्यात 'हितसंबंधांचा संघर्ष संभवतो' असं लिहिलं. त्यामुळे फॉर्म त्यांच्याकडून कायदा विभागाकडे गेला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून कुठे गेला ते अजून कुणाला कळलेलं नाही.

तीन आठवडे वाट पाहिली. तिकडे अभय रोज गुस्तावला नम्रपणे विचारत होता, 'सर, काही जमलं का?' या 'जमलं का'ने माझा घात केला. एका सकाळी अंघोळीच्या आधी मी सगळं गुस्तावच्या नावाने पाठवून दिलं.

पुढच्या पंधरा दिवसांत टुणकनची नवी आवृत्ती निघाली. मोठ्या कंपन्यांतली माणसं ते घेऊ लागली. चाळीस हजारांचे सव्वा लाख झाले. आणि सासूबाईंकडे रविवारच्या जेवणाला अभयने हात जोडून सांगितलं, "हे माझं नाही. हे गुस्तावचं आहे."

"कोण रे हा?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वीडनचा आहे. मला ओळखत नाही, पाळखत नाही. आधी ओरडला माझ्यावर, पण मग स्वतः बसून सगळं लिहून दिलं. एका पैचीही अपेक्षा नाही."

"काय माणूस आहे बघा!" आम्रपाली म्हणाली. "नावासाठीसुद्धा धडपड नाही. नाहीतर आपल्याकडे..." तिने वाक्य सोडून दिलं आणि माझ्या पानात भात वाढला.

मी इतके दिवस अभयवर जळत होतो ती सगळी तयारी होती, असं मला त्या क्षणी कळलं. खरा जळलो तो गुस्ताववर. गोरा, उंच, निगर्वी गुस्ताव! त्याची बातमी नव्हती, फोटो नव्हता, तरी माझी बायको त्याच्याबद्दल ज्या आवाजात बोलली त्या आवाजात ती माझ्याबद्दल शेवटचं साखरपुड्याच्या सुमाराला बोलली होती. सासूबाई तर त्याला करंज्या पाठवायच्या म्हणून पत्ता मागायला लागल्या. दुसऱ्या दिवशी अभयने गुस्तावकडे पत्ता मागितला. गुस्तावने कळवलं की तो गोड खात नाही. त्याबरोबर सासूबाईंच्या मनात त्याचा मान आणखी वाढला. "कसा राखलाय बघा स्वतःला," असं म्हणून त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी अभय लॅपटॉप काखेत मारून आमच्याकडे आला. कसबा पेठेजवळच्या एका सभागृहात प्रोग्रामर मंडळींचा मेळावा होता, तिथे त्याला टुणकनवर बोलायला बोलावलं होतं. "दादा, गुस्तावचा कोड थोडा समजावता का? त्याला बोलायला वेळ मागितला तर तो म्हणतो, त्याचा घसा बसलाय. गेले बारा दिवस बसलाय."

वडील पेपर वाचत होते. आम्रपाली भाजी निवडत होती. मी चष्मा लावला आणि स्वतःचा कोड प्रथमच पाहत असल्यासारखा पाहिला. "बरा लिहिलाय," मी म्हणालो. "नाही, खरं तर उत्तम लिहिलाय. ही ओळ बघ. किती विचार आहे यात. अनुभवी माणूस दिसतो."

"हो, पण इथे एक गडबड आहे," अभय म्हणाला. "फोल्डरचंच नाव बदललं, तर आतल्या फायली यादीत जुन्याच नावाने राहतात. मग उडी मारली की पायाखाली काहीच नाही. रोज तक्रारी येतायत. गुस्तावने इथे सरळसरळ घाण करून ठेवलीय."

"घाण नाही म्हणता येणार."

"घाणच आहे दादा. घाईत उरकलंय त्याने. नीट तपासलंच नाही."

"तीन रविवार घातलेत मी त्यात!" मी ओरडलो. "जेवलो नाही, झोपलो नाही, बाल्कनी मोजून घेतली, आणि तू मला घाईत उरकलं म्हणतोस?"

आम्रपालीच्या हातातली गवारीची शेंग मोडायची राहिली. अभय माझ्याकडे, मग लॅपटॉपकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघू लागला.

"गुस्ताव?" तो हळूच म्हणाला.

मी मान खाली घातली. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडायलाच हवं होतं. त्या पहिल्या तक्रारीतलं एकेक वाक्य मला आता आठवत होतं, कॉफीसकट. पण तो म्हणाला, "दादा, 'मोठा प्रकल्प पाहिला आहे का' हे वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. वाटलं, सगळ्यांना कळलं. झेरॉक्सच्या दुकानावर बसून आपण उगाच मोठ्या गोष्टी करतोय."

त्यावर काय बोलायचं असतं? 'चुकलं' असं म्हणायचं असतं. मला ते म्हणायला थोडा वेळ लागला, पण म्हणालो. सगळं सांगितलं. शोकेसमधल्या फोटोसकट सांगितलं. अभय आधी गंभीरपणे ऐकत होता, पण पत्त्याच्या आणि करंज्यांच्या ठिकाणी त्याला हसू आवरेना.

"मला वाटलंच होतं," आम्रपाली म्हणाली. "आपण सगळे जेवायला बसलो की अभयला गुस्तावची उत्तरं यायची थांबायची."

एवढ्यात पेपरच्या मागून वडिलांचा आवाज आला. "अख्खं रॅकच हलवलं तर सीताराम एकेक ओळ खोडत बसायचा नाही. त्या रॅकचं पान फाडायचा आणि नवीन लिहायचा."

मी आणि अभयने एकमेकांकडे पाहिलं. शेजारी शेजारी खुर्च्या ओढल्या. दोन तासांत ते काम झालं. मध्ये एकदा मी चुकलो ते त्याने दाखवलं, एकदा तो चुकला ते मी दाखवलं; माझं दाखवणं थोडं जास्त मोठ्याने होतं, हे मान्य करतो.

"आता टुणकनच्या पानावर गुस्तावच्या जागी तुमचं नाव टाकतो," अभय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वाबाईंना फोन केला. फॉर्म 'प्रक्रियेत' होता. मंजुरीशिवाय माझं नाव कुठेही दिसलं तर नोकरीवर गदा येईल, असं त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितलं. आणि ज्यांनी नुसती कल्पना दिली, नोकरीत नाहीत, त्यांचं नाव द्यायला? त्याला त्यांची काही हरकत नव्हती.

मी फोन ठेवला. आम्रपालीने विचारलं, "कल्पना कुणाची होती?"

उत्तर मला माहीत होतं. ते उच्चारायला मात्र मला चहाचा एक अख्खा कप लागला.

संध्याकाळी अभयने पडद्यावर ते दाखवलं. 'धोंडिबा सखाराम ओव्हाळ, येरवडा, पुणे.' वडिलांनी वाकून वाचलं. मग बोटाने एकेक अक्षर दाखवत पुन्हा वाचलं.

"मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली," ते म्हणाले, "आणि पुढे त्यांची वेळ. माझं नाव बोर्डावर एकदाच लागलं होतं. निवृत्त होणाऱ्यांच्या यादीत."

मेळाव्याला अभयने त्यांनाच मंचावर नेलं. मी आणि आम्रपाली तिसऱ्या रांगेत. दोनशे पोरं टूलरूमची गोष्ट कानात प्राण आणून ऐकत होती. वडिलांनी सगळं सांगितलं. सहा मिनिटं सांगितली, चाळीस सेकंद सांगितले, साहेबाचा चेहराही करून दाखवला. मी आजवर दिलेल्या कुठल्याही सादरीकरणात कुणी हसलं नव्हतं. इथे लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक कॉलेजातल्या प्राध्यापिका बसल्या होत्या. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय बुद्धी आहे काकांची! यांच्या मुलाबाळांनी काय नशीब काढलं असेल."

"एक मुलगा आहे," मी म्हणालो. "तसा बरा आहे. थोडा जळका आहे."

"ओळखता तुम्ही त्याला?"

"येता-जाता दिसतो."

तेवढ्यात मंचावर कुणीतरी विचारलं, "काका, पण हे प्रत्यक्ष लिहिलं कुणी?" वडिलांनी कपाळावर हात आडवा धरून रांगांमधून शोधलं आणि नेमकं माझ्याकडे बोट केलं. "तो बघा, तो. माझा मुलगा, प्रज्ञेश. टायपिंग त्याचं."

दोनशे माना वळल्या. प्राध्यापिकाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. टाळ्या सुरू झाल्या. आम्रपालीने कोपराने ढोसलं तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि नेमकं काय करावं ते न सुचून हाताची घडी घातली. अभय मंचावरून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता.

बराच वेळ वाजल्या त्या. अभयला वाजल्या होत्या त्यापेक्षा थोड्या कमी, असं मला वाटलं. आम्रपाली म्हणते, सारख्याच होत्या.